मुलांच्या अंगचे कापड आणि कायद्याचा हात

मुलांच्या चड्ड्या, बंड्या आणि परकर हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे मथळा वाचताच आमचे काही वाचक म्हणतील. राज्यकारभार, जकात, शिक्षण, स्वदेशी व्यापार असे भारदस्त विषय सोडून संपादकांनी दुपट्या-झबल्यांच्या गाठोड्यात हात घालावा, हे त्यांस विनोदाचे वाटेल. परंतु आमचे मत याहून निराळे आहे. एखाद्या राष्ट्राचा कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या मोठमोठ्या सनदा वाचण्यापेक्षा तेथील गरिबाच्या मुलाच्या अंगालगत कोणते कापड होते आणि त्या कापडापायी ते मूल मेले तेव्हा कायद्याने कोणाचा हात धरला, हे पाहिले असता उत्तर अधिक लवकर मिळते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या इंग्लंड देशाचे आमच्यावर राज्य होते, त्याच देशातील हे उदाहरण आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यातून घ्यावयाचा धडा मात्र तेथल्यापुरता नाही.

त्या काळच्या विलायती मुलाच्या पोशाखाची आमच्याकडील वाचकांस कल्पना येणे कठीण आहे. आमच्या उष्ण देशात मूल एका झबल्यात किंवा नुसत्या करगोट्यावर वाढते. तेथे थंडी कडक आणि घरे ओलसर; त्यामुळे वरच्या झग्याच्या आत कपड्यांचे थरावर थर. अंगालगत लोकरीची बंडी, तिच्यावर कमरेला आवळणारी जाड कापडाची काचोळी, त्या काचोळीच्या गुंड्यांना अडकविलेली चड्डी, तिच्यावर फलालिनीचा परकर आणि त्यावर आणखी एक पांढरा परकर, असा पाच-सहा वर्षांच्या मुलीचा सरंजाम असे. अंगास लोकरच लागली पाहिजे, सुताने प्रकृती बिघडते, असे जर्मनीतील डॉक्टर गुस्टाव येगर यांनी प्रतिपादिले होते. त्यांच्या नावाने 1884 साली लंडनमध्ये लोकरी कपड्यांची पेढी निघाली आणि सुखवस्तू घरांतून या मताचा पगडा बराच बसला. लहान मुलींस हाडांच्या कांबी घातलेल्या काचोळीत आवळू नये, अशीही ओरड सुधारकांनी केली. तिचा परिणाम होऊन 1908 साली मार्केट हार्बरो गावच्या सिमिंग्टन कारखान्याने कांबीविरहित मऊ विणीची, पट्ट्या शिवलेली ‘लिबर्टी बॉडिस’ नावाची बंडी बाजारात आणली. म्हणजे ज्यांच्या गाठीस पैसा होता, त्यांच्या मुलांच्या आतल्या कपड्यांचा विचार डॉक्टर, सुधारक आणि कारखानदार हे तिघेही आपापल्या परीने करीत होते.

आता दुसरी बाजू पाहा. यॉर्क शहरातील मजूरवस्तीची घरोघर पाहणी सीबोम राउंट्री या गृहस्थांनी 1899 साली केली आणि तिचा वृत्तांत 1901 साली प्रसिद्ध केला. आई, बाप आणि तीन मुले एवढ्या कुटुंबास केवळ जीव जगविण्यापुरता खर्च आठवड्यास 21 शिलिंग 8 पेन्स येतो, असा त्यांचा हिशेब. यात करमणूक नाही, वर्तमानपत्र नाही, देवळातली वर्गणी नाही, आगगाडीचा प्रवास नाही. या हिशेबात एका मुलाच्या कपड्यालत्त्यासाठी आठवड्यास 5 पेन्स धरले होते. बूट, टोपी, झगा, बंडी, परकर हे सर्व त्या पाच पेन्सांत बसवावयाचे. राउंट्री यांनी धरलेली ही रक्कम चैनीची नव्हे, तर जिच्याखाली गेले असता शरीर टिकत नाही अशी होती. आणि या मर्यादेच्याही खाली राहणारी कुटुंबे त्यांस त्या शहरात थोडीथोडकी आढळली नाहीत. अशा घरातल्या आईस येगर साहेबांची लोकर काय उपयोगाची?

या दारिद्र्याचे एक विलक्षण रूप ब्रॅडफर्ड शहरी दिसून आले. हे शहर लोकरीच्या कापडाचे मोठे पेठेचे ठिकाण. तेथल्या गिरण्यांतील कापड देशोदेशी जाई. आणि त्याच गावच्या शाळांत अशी मुले येत की, हिवाळा लागताच त्यांच्या आयांनी आतले कपडे त्यांच्या अंगावर शिवून टाकलेले असत आणि ते वसंत ऋतू येईपर्यंत निघत नसत. अंगावरचा एकुलता एक जोड धुतला, तर तो वाळेपर्यंत मुलाने घालावयाचे काय? आणि त्या थंडीत एकदा काढलेला कपडा ऊब घेऊन जातो, ही आईची भीती. यास अडाणीपणा म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. परंतु मार्गारेट मॅकमिलन या बाई 1894 साली तेथील शाळामंडळावर निवडून आल्या आणि त्यांनी निराळा मार्ग सुचविला. आयांना दटावण्याऐवजी शाळेतच गरम पाण्याची सोय करावी, म्हणजे मुलांचे कपडे उतरतील, अंगे धुतली जातील आणि घरी जे शक्य नाही ते शाळेत होईल, असा त्यांचा आग्रह होता. 1897 साली ब्रॅडफर्डच्या वॉपिंग रोड शाळेत स्नानगृहे उघडली गेली. दहा वर्षांनी, 1907 साली, शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे असा कायदा सर्व इंग्लंडास लागू झाला. येथे वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, ब्रॅडफर्डात आईस दंड न करता तिला मदत करण्यात आली आणि त्यामुळे काम झाले.

परंतु सर्वत्र असे झाले नाही; आणि जेथे झाले नाही, तेथली गोष्ट हीच आमच्या आजच्या लेखाचा मुख्य विषय आहे.

लोकरीची फलालीन गरिबास परवडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांनी तिची हुबेहूब नक्कल सुतात काढली. साध्या सुती कापडावरून बारीक तारांचे रूळ फिरवून त्याचे तंतू वर ओढावयाचे, म्हणजे त्यावर मऊ लव उभी राहते; हात फिरविला तर लोकरच वाटावी. या सुती फलालिनीस तिकडे ‘फ्लॅनेलेट’ म्हणत. खऱ्या फलालिनीहून पुष्कळच स्वस्त, धुतली तर आटत नाही, अंगाला टोचत नाही आणि ऊबही बरी देते. गरिबाच्या घरात तिचा शिरकाव न होता तरच नवल! मुलींचे परकर, तान्ह्यांचे झगे, निजावयाचे लांब सैल अंगरखे, चड्ड्या हे सर्व या कापडाचे होऊ लागले. पाच पेन्सांत मूल उबदार ठेवण्याची युक्ती गिरणीवाल्याने आईस दाखविली, असे वरवर पाहणारास वाटले असते.

या कापडात एक घातक गुण होता. लोकर सहसा भडकत नाही. ठिणगी पडली तर ती करपते, काजळते आणि बहुधा आपली आपण विझते. सूत पेटते, आणि ज्या सुतावर मोकळी लव उभी केली आहे, ते तर फारच त्वरेने पेटते. प्रत्येक बारीक तंतूभोवती हवा खेळत असते. त्यामुळे ज्वाला लवेवरून सरसर धावते आणि कापडाचा एक कोपरा पेटल्याचे ध्यानात येईपर्यंत सगळा परकर जळू लागतो. विलायतेत त्या काळी घरोघर भिंतीत उघडी कोळशाची शेगडी असे. मजुराच्या बिऱ्हाडात तीच चूल, तीच ऊब आणि बहुधा तीच जागा मुलांच्या खेळण्याची. आई गिरणीत किंवा धुण्यावर गेलेली, सहा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या भावास सांभाळीत आहे, आणि तिच्या परकराचा घोळ शेगडीजवळून गेला, की होत्याचे नव्हते होई. अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरापुढे अशी प्रकरणे वारंवार येऊ लागली. हा अधिकारी पूर्वी आमच्या मुंबईतही असे, तेव्हा त्याच्या कामाची वाचकांस ओळख आहेच.

मग कायद्याने काय केले? 1908 साली पार्लमेंटाने मुलांसंबंधीचा मोठा कायदा केला. या कायद्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. मुलांची न्यायालये त्याने निराळी केली आणि चौदा वर्षांखालील मुलास तुरुंगात पाठविणे बंद केले. या दोन गोष्टींबद्दल त्याच्या कर्त्यांस कोणीही धन्यवादच देईल. परंतु त्याचे 15 वे कलम आम्ही वकिलीच्या सवयीने दोनदा वाचले. त्याचा भावार्थ असा की, ज्या खोलीत उघडी शेगडी पुरेशा जाळीवाचून आहे, त्या खोलीत सात वर्षांखालील मुलास योग्य खबरदारी न घेता राहू दिले आणि त्यामुळे ते मूल मेले किंवा त्यास गंभीर इजा झाली, तर त्याचा सांभाळ ज्याच्याकडे असेल त्या मोठ्या माणसास दहा पौंडांपर्यंत दंड व्हावा.

शेगडीस जाळी असावी, हे कोण नाकारील? पण कलमाचा रोख पाहा. घर ज्याच्या मालकीचे आणि शेगडी ज्याने बसविली, त्या घरमालकाने जाळी द्यावी, असे यात नाही. जे कापड लवेवरून पेटते ते मुलांच्या कपड्यांसाठी विकू नये, असेही यात नाही. कलम लागू होते ते मूल जळाल्यानंतर. आणि लागू होते ते ज्या आईचे मूल गेले तिलाच. दहा पौंड म्हणजे 2400 पेन्स. आठवड्यास 5 पेन्सांप्रमाणे ती रक्कम एका मुलाच्या नऊ वर्षांहून अधिक काळाच्या कपड्यांची होते; आणि ज्याच्यासाठी हा दंड, त्या मुलाचे वय तर सात वर्षांच्या आतले! अमुक प्रकरणात मॅजिस्ट्रेट दया करी आणि दंड कमी होई, हे म्हणणे खरे असू शकेल. पण न्यायाधीशाच्या दयेवर ज्याचा अन्याय झाकावा लागतो, तो कायदा शहाणा नव्हे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आमच्याकडे आहे. येथे तर जो लुटला गेला त्यालाच सुळी होती.

कदाचित कोणी म्हणेल की, त्या काळी दुसरा उपायच नव्हता. ही सबब टिकत नाही. कापड न पेटेसे करण्याचे प्रयत्न जुने आहेत. फ्रान्समध्ये गे-ल्यूसाक या रसायनशास्त्रज्ञाने 1821 साली अमोनियाच्या क्षारांचे प्रयोग प्रसिद्ध केले. 1859 साली वर्समान आणि ओपेनहाइम यांनी टंगस्टेट क्षाराचा गुण दाखविला. यांतील अडचण एवढीच की, पहिल्या धुण्यातच क्षार निघून जाई. ही अडचण मँचेस्टर येथील प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन यांनी दूर केली. कृत्रिम जांभळा रंग 1856 साली शोधून काढणारे पर्किन, त्यांचे हे चिरंजीव. मँचेस्टरच्याच एका कापडाच्या पेढीच्या विनंतीवरून त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले. सुती फलालीन प्रथम सोडियम स्टॅनेट या कथिलाच्या क्षाराच्या द्रावणातून काढावयाची, तापलेल्या तांब्याच्या रुळांवर वाळवावयाची, मग अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून काढून पुन्हा वाळवावयाची आणि शेवटी धुवावयाची. असे केले असता कथिलाचे ऑक्साइड तंतूंच्या आत बसते आणि साबणपाण्याने निघत नाही. मऊपणा राहतो, ऊब राहते आणि कापड धुऊन धुऊन विरले तरी भडकत नाही. हे कापड ‘नॉन-फ्लॅम’ या नावाने विकले जाऊ लागले आणि 1912 साली न्यूयॉर्क येथील रसायनशास्त्राच्या जागतिक परिषदेपुढे पर्किन यांनी आपल्या रीतीचे सविस्तर विवेचन केले.

म्हणजे शास्त्राने आपले काम केले. एका प्रक्रियेची भर पडल्याने त्या कापडाची किंमत साध्या फ्लॅनेलेटपेक्षा थोडीशी वाढे. आता प्रश्न केवळ असा उरला की, ती थोडीशी वाढ कोणी सोसावी? गिरणीवाल्याने, सरकारने, की पाच पेन्सांत मूल झाकणाऱ्या आईने? कोणीच ठरविले नाही. आणि जे कोणी ठरवीत नाही त्याचा भार आपोआप सर्वांत दुबळ्या खांद्यावर जातो. दुकानात दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी असत. ज्याच्या हाती पैसे कमी, तो स्वस्त गठ्ठ्याकडेच वळे.

1910 साली इंग्लंडच्या गृहखात्याच्या कोरोनरविषयक कमिटीने फ्लॅनेलेटच्या धोक्याची मुद्दाम चौकशी केली. त्यानंतर 1913 साली कायदा झाला. आता तरी असले कापड मुलांसाठी विकण्यास बंदी झाली असेल, असे वाचकांस वाटेल. तसे काही झाले नाही. ‘हे कापड पेटत नाही’ असे सांगून जे कापड विकावयाचे, ते सरकारने ठरविलेल्या कसोटीस उतरले पाहिजे, नाही तर विकणारास दंड, एवढेच त्या कायद्याने ठरविले. खोट्या लेबलास आळा बसला, हे चांगलेच झाले. कारण पर्किन यांच्या कापडाच्या नावाखाली भलतेच कापड गळ्यात बांधले जाण्याचा संभव होताच. परंतु जो दुकानदार काहीच न सांगता पेटणारे कापड मुलीच्या परकरासाठी फाडून देई, त्याला या कायद्याचा धक्काही लागत नव्हता. खोटे बोलण्यास मनाई झाली. गप्प बसण्याचा अधिकार कायम राहिला. 1908 चे कलम आईस म्हणते, ‘तू सावध का नव्हतीस?’, आणि 1913 चा कायदा विकणारास ‘तू सावध का केले नाहीस?’ असे विचारीतच नाही. एकाच देशाच्या, पाच वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन कायद्यांतील तफावत आमच्या मते पुष्कळ बोलकी आहे.

व्यापारस्वातंत्र्याचे अभिमानी अशा वेळी जे आक्षेप घेतात, ते आमच्या परिचयाचे आहेत. गिऱ्हाईक आपल्या खुशीने घेते, त्यास कोणी सक्ती केली, हा त्यांपैकी पहिला. परंतु जे मूल जळाले त्याने ते कापड खुशीने घेतले नव्हते, आणि ज्या आईपुढे दुसरे परवडणारे कापडच नव्हते तिच्या खरेदीस खुशी म्हणणे ही क्रूर थट्टा होय. किंमत वाढली तर गरीब उघडा पडेल, हा दुसरा आक्षेप. हा मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर ब्रॅडफर्डने देऊन ठेवले आहे. जेथे गरिबास एखादी आवश्यक वस्तू परवडत नाही, तेथे समाजाने पदरमोड करून ती पुरवावी. घातक वस्तू स्वस्तात उपलब्ध ठेवणे म्हणजे गरिबावर उपकार नव्हे.

पुढे काय झाले तेही सांगतो. 1952 साली विकावयाच्या नव्या शेगड्यांना व हीटरांना जाळी बसविलेली असलीच पाहिजे असा कायदा झाला. म्हणजे जाळीच्या बाबतीत कायद्याचा हात वस्तू विकणारापर्यंत पोहोचला. मुलांच्या निजावयाच्या झग्यांचे कापड सहज न पेटणारे असावे, असे नियम 1964 साली झाले. पर्किन यांचे न्यूयॉर्क येथील व्याख्यान 1912 चे. मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला. या अवधीत दोन महायुद्धे झाली, साम्राज्य गेले, आमचा देश स्वतंत्र झाला. आणि मुलीच्या झग्याचा न्याय तेवढा मागे राहिला होता.

न्यायाचा तराजू सरळ धरावयाचा तर उलट बाजूचाही एक दाखला दिला पाहिजे. अमेरिकेत 1953 साली पेटणाऱ्या कापडांविरुद्ध कायदा झाला आणि 1971 साली मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी विशेष नियम ठरविण्यात आले. ते पाळण्यासाठी कारखानदारांनी ‘ट्रिस’ नावाचे एक रसायन कपड्यांत वापरण्यास आरंभ केला. आणि 1977 साली ते रसायनच कर्करोगाचे भय उत्पन्न करणारे म्हणून मुलांच्या कपड्यांत वापरण्यास बंद करावे लागले. तात्पर्य, उपायाचीही परीक्षा झाली पाहिजे. यावरून कोणी ‘मग कायदाच नको’ असे अनुमान काढील तर ते चूक. कायद्याने एकदा शिक्का मारून निजू नये, जागे राहावे, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्याकडे भिंतीतली शेगडी नसेल; पण जमिनीवरची चूल, स्टोव्ह, समई, देवापुढील निरांजन आणि दिवाळीतील फुलबाज्या आहेत. सणासुदीस मुलींना झिरझिरीत, घेरदार, कृत्रिम धाग्याचे झगे आपण कौतुकाने घालतो. ते पेटले असता वितळून कातड्यास चिकटतात, हे आपण जाणतो, आणि तरीही दुकानात रंग व भाव यांपलीकडे प्रश्न विचारीत नाही. थंडीच्या दिवसांत सुती फलालिनीची झबली, टोपडी आणि कुंच्या घरोघर शिवल्या जातात. त्या लवेचा स्वभाव इंग्लंडात एक आणि आमच्याकडे दुसरा असा नसतो. अपघात झाला म्हणजे मात्र ‘आईचे लक्ष कोठे होते?’ हा प्रश्न आमच्या आळीतही सर्वांच्या आधी निघतो. 1908 चे ते कलम आमच्या मनात कोणत्याही पार्लमेंटावाचून आपले आपणच पास झालेले आहे!

कायद्यापुरते पाहिले तर आम्ही आज अगदी निःशस्त्र नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास ती वस्तू करणारा आणि, विवक्षित प्रसंगी, विकणाराही भरपाईस जबाबदार धरण्याची तजवीज आहे. आणि वस्तूच्या धोक्याची पुरेशी सूचना न देणे हाही त्या जबाबदारीचा एक आधार आहे. इंग्लंडने 1913 साली जे मौन निर्दोष मानले, ते आमच्या कायद्याने निर्दोष मानलेले नाही. परंतु ग्रंथात पडून राहिलेले कलम कोणाचे रक्षण करीत नाही. ते वापरणारे गिऱ्हाईक पाहिजे आणि त्याचा मान राखणारा व्यापारी पाहिजे.

आमच्या वाचकांत कापडाचे व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. शेटजी, आपल्या गादीवर बसून आपण कापडाचे पन्हे, वीण आणि पक्का रंग यांविषयी गिऱ्हाइकास न विचारता सांगता. हे कापड मुलासाठी आहे काय, एवढा एक प्रश्न आपण विचारावा आणि ते चटकन पेट घेणारे असेल तर तसे तोंडाने सांगावे. याने एखादे गिऱ्हाईक परत जाईल. पण जे राहील ते आपल्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या राहील. आणि गृहस्थाश्रमी वाचकांस आमची विनंती अशी की, उद्या एखाद्या घरी असा प्रसंग ओढवला, तर त्या माऊलीस जाब विचारण्यापूर्वी ते कापड कोणी विणले, कोणी विकले आणि विकताना तिला काय सांगितले, याची चौकशी करावी. मँचेस्टर-ब्रॅडफर्डच्या मुलांचे प्राण ज्या उशिराने गेले, तो उशीर आपल्या मुलांच्या वाट्यास येऊ न देणे हे आपल्या हाती आहे.